बुटकीची पाठवणी

प्रिय जावईबापू,

हा मायना वाचून तू हसशील, म्हणूनच मुद्दाम लिहिला. जावयाला अहो-जाहो करावं, मान द्यावा, हे मला कळत नाही असं नाही. पण तुझ्या बाबतीत माझा क्रमच उलटा झाला. तुला मी आधी यार्डाच्या फाटकात उभं करून झापलं आणि जावई नंतर करून घेतलं. मधल्या काळात 'अरे'चं 'अहो' करायला सवडच झाली नाही. तूही पहिल्या दिवशी रागाच्या भरात मला 'मावशी' म्हणालास, ते कायमचंच. लग्नानंतर ठकूने तुला कितीदा टोकलं, की आता तरी आई म्हण. तुझी जीभ काही वळली नाही. आणि खरं सांगू, मला त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. सासूपेक्षा मावशी बरी. मावशीशी भांडता येतं.

आधी बातमी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. बुटकी काल सकाळी व्यवस्थित निघाली. ट्रकवर चढताना तिला कुठेही खरचटलं नाही. तू जिला गाडी न्यायला पाठवलंस, त्या तुझ्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर हे सांगितलं असेलच. फोटोही पाठवले असतील, सारखी काढत होती. पण मी स्वतः गुडघे टेकून, जमिनीला गाल लावून पाहिलं आहे, तेव्हा माझीही साक्ष धर. पुढच्या बंपरची हनुवटी शाबूत, खालचं पोट शाबूत, चारही चाकं ट्रकच्या पाठीवर, आणि पट्टे चाकांनाच बांधलेले, दुसऱ्या कशाला नाही. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत ह्यांनी मला फाटक लावू दिलं नाही. मग आत आले आणि शेडमधल्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. बाकीची जमीन तेलाने काळीकुट्ट, आणि बुटकी उभी होती तेवढाच तुकडा फिकट राहिला आहे. मी विचारलं, झाडून घेऊ का. म्हणाले, आज राहू दे.

मीही मग झाडू ठेवला आणि त्यांच्याशेजारी डबा पालथा घालून बसले. बसल्या बसल्या पहिला दिवस आठवायला लागला. तुला तो दिवस तुझ्या बाजूने पाठ आहे. माझ्या बाजूने तू तो कधी धड ऐकलाच नाहीस, कारण मी सांगायला बसले की ठकू मध्ये तोंड घालायची आणि गोष्ट तिची होऊन जायची. आज मध्ये बोलणारं कुणी नाही, तर ऐक.

ह्यांची कंबर गेल्याला तेव्हा एखादं वर्ष झालं असेल. गाड्या ओढून आणायच्या ट्रकवर ठेवलेला माणूस टिकायचा नाही. एक जरा हाताखाली तयार झाला, की दुसरीकडे जायचा. शेवटी मीच चाक धरलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आता ही बंद पडलेल्या गाड्या ओढत फिरणार. ठकू त्यांना म्हणाली, माणसं ओढत फिरण्यापेक्षा गाड्या बऱ्या, त्या निदान कुरकुर करत नाहीत. तिचं तोंड हे असं. ती तेव्हा आमच्या ऑफिसात बसायची. ऑफिस म्हणजे काय, ती पत्र्याची खोली, एक टेबल, एक फोन. ट्रक आपल्याकडे दोन. एक सपाट पाठीचा, त्यावर अख्खी गाडी चढवता येते. दुसरा आकड्याचा, तो गाडीची पुढची दोन चाकं उचलतो आणि मागची दोन रस्त्यावरून पळवत आणतो. त्या दिवशी सपाट ट्रकची पाठ खालीच येईना, तेल गळत होतं. नेमका तुझा फोन आला. बाजारामागच्या वाहनतळात गाडी बंद पडली आहे, मला कामावर पोचायचं आहे, किल्ली रखवालदाराकडे ठेवतो, गाडी तुमच्याकडे नेऊन ठेवा, संध्याकाळी येतो. एवढं बोलून तू मोकळा झालास. गाडी कसली हे तू सांगितलं नाहीस आणि ठकूने विचारलं नाही. विचारायचं काम ह्यांचं असायचं, आणि हे तेव्हा पाठीला शेक घेत पडले होते.

वाहनतळात जाऊन पाहते, तर गाडी आहे की पायपुसणं, हेच कळेना. इतकी खाली, की तिच्या पोटाखालून मांजरालाही सरपटत जावं लागलं असतं. मी दोनदा फेरी मारली. मागे कंपनीचं नाव नाही, कसलं अक्षर नाही, सगळं घासून पुसून गुळगुळीत. मला वाटलं, हौशी पोरगा दिसतोय, स्प्रिंगा आखूड करून घेतल्यात आणि नावही काढून टाकलंय. वाकून खाली बघावं म्हटलं, तर बघायला जागाच नाही. मग नेहमीसारखा आकडा लावला आणि पुढचं तोंड उचललं. उचलताना काड्कन आवाज झाला. बंपरच्या खालची ती पातळ पट्टी, जिला तू पुढे 'ओठ' म्हणायला लागलास, ती मधोमध तडकली. मी मनात म्हटलं, ही एक भरपाई आली अंगावर. त्याहून मोठी भरपाई पुढे होती, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं. पुलावरून येताना करपलेला वास यायला लागला. उतरून पाहिलं, हँडब्रेक सुटलेला, मागची चाकं कुठे अडकलेली नाहीत. वाटलं, माझ्याच ट्रकचा क्लच असेल. तशीच आले.

यार्डात आल्यावर ह्यांनी नुसत्या वासावरून ओळखलं. दुखरी कंबर घेऊन पोत्यावर आडवे झाले, बॅटरी मारून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं आणि मला म्हणाले, "अगं, ही चारही पायांनी चालते. तू तिचे पुढचे दोन पाय धरून मागचे दोन फरफटत आणलेस." मग त्यांनी समजावलं. साध्या गाडीत इंजिन दोनच चाकं फिरवतं, राहिलेली दोन नुसती मागे येतात. हिच्यात चारही चाकं मधल्या एका सांध्याने एकमेकांना बांधलेली. पुढची अडकवून ठेवून मागची पळवली, तर तो सांधा आतल्या आत तापून जळतो. तो जळला होता. खाली काळं तेल ठिबकत होतं. ठकू दारात उभी राहून बघत होती. ती इतकंच म्हणाली, की आता त्या फोनवाल्याला कोण सांगणार.

सांगावं लागलं नाही. तू संध्याकाळी आलास आणि आल्या आल्या तुला ते ठिबकणं दिसलं. तुझी ती उंची, आणि तू त्या गाडीशेजारी उभा. ह्यांनी तुला त्याच दिवशी मनातल्या मनात 'उंट' म्हणून टाकलं आणि गाडीला 'बुटकी'. तू म्हणालास, गाडी उचलणाऱ्याने बघून उचलावी. मी म्हटलं, गाडी देणाऱ्याने सांगून द्यावी. तू म्हणालास, हा तुमचा धंदा आहे, तुम्हाला कळायला हवं. मी म्हटलं, मागे चार चाकांची खूण लिहिलेली असते, ती तूच खरवडून काढलीस, मग मला काय स्वप्न पडणार होतं? आणि मग मी माझ्या मते हुकमाचं पान टाकलं. भिंतीवरची पाटी दाखवली. रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलेली, 'गाडी उचलताना होणाऱ्या नुकसानीस मालक जबाबदार राहतील.' तू ती सावकाश वाचलीस आणि म्हणालास, "बरोबर लिहिलंय की. मालक तुम्हीच ना, मावशी?" आत ठकू फिसकन हसली. मी भांडण तिथेच अर्धं हरले. इतकी वर्षं ती पाटी तिथे होती, शेकडो माणसांनी वाचली, पण कोण मालक हे कुणी विचारलं नव्हतं. मी चिडून तुला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तू विसरला असशील तर बरंच आहे.

ह्यांनीच ते मिटवलं. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, चूक दोघांची आहे, आणि गाडी बिचारी एकटी आहे. विमावाल्यांनी पुढच्याच आठवड्यात हात झटकले. गाडी खाली करून घेतल्याचं तू त्यांना कळवलंच नव्हतंस. मग ठरलं ते असं, की सुटे भाग तू आणायचे, काम आमच्या शेडमध्ये करायचं आणि मजुरीचं कुणी नाव काढायचं नाही. ह्यांना वाकता येत नव्हतं. म्हणून हे खुर्चीतून सांगणार, तू गाडीखाली झोपून करणार, आणि पाने कोण देणार, तर ठकू. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली ऑफिसातून उठून आली आणि मांडी ठोकून बसली. तू दर रविवारी यायचास, अंगात नवा शर्ट घालून. गाडीखाली जायला नवा शर्ट कोण घालतं रे? माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण मी तुझ्यावर रागावलेली होते, आणि रागात माणसाला शर्ट दिसत नाही.

गाडी बरी झाली तेव्हा हे म्हणाले, आता दोन बोटं वर उचलून घे, रस्ते कसले आहेत बघतोस ना. तू तयार होईनास. ठकू मध्ये पडली. म्हणाली, आहे तशी राहू दे तिला, रस्ता बघून चालवायची. आणि रस्ता बघायला ती स्वतः बसली शेजारी. गतिरोधक आला की तू गाडी तिरकी करायचास आणि एकेक चाक चढवायचास. ठकू दार उघडून, डोकं खाली घालून बघायची आणि तुला बोटं नाचवून दाखवायची, अजून थोडं, अजून थोडं, बास. मी एकदा ट्रकमधून मागून येत होते, तेव्हा पाहिलं. मागे सगळे भोंगे वाजवत होते आणि तुम्ही दोघं मुंगीच्या पावलाने तो उंचवटा ओलांडत होतात. मी मात्र भोंगा वाजवला नाही. मग दुरुस्ती संपली तरी तुझं येणं संपेना. हे विचारायचे, आता काय झालं. तू म्हणायचास, आवाज येतोय. हे गाडी फिरवून आणायचे, आवाज नाही. पुढच्या रविवारी पुन्हा आवाज. शेवटी हे मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, आवाज गाडीत नाही, पोरात आहे. त्यांना वाटलं, मी तडकेन. मी म्हटलं, पोरगा भांडायला बरा आहे. मुद्द्याला धरून भांडतो, आवाज चढवत नाही. आयुष्यभर ठकूशी भांडायचं, तर असाच हवा.

लग्नानंतर तुमचं घर दोन गल्ल्या पलीकडे. रविवारी जेवायला इकडे. तू आणि हे शेडमध्ये कुठलं तरी इंजिन खोलून बसलेले, ठकू माझ्यामागे स्वयंपाकघरात, काम कमी आणि बडबड जास्त. मला तेव्हा त्या गजबजाटाचा कंटाळा यायचा, असं आठवतं. कुणाचा तरी हात तेलाचा, कुणाचा चहा गार, टेबलावर बोल्ट. मी ओरडायचे, की हे घर आहे का गॅरेज. आता टेबल दिवसभर स्वच्छ असतं.

मग तो हिवाळा आला. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, म्हणून आज लिहिते. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात, खिडकीशी उभा राहून तू मला विचारलं होतंस, "मावशी, मी तिला आधी आणायला हवं होतं ना?" मी तशीच आत निघून गेले. नर्सने हाक मारली म्हणून गेले, असं तुला वाटलं असेल. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी कुणाच्या तरी माथी मारता आलं असतं, तर मला ते हवंच होतं. नंतर दोन दिवसांत सगळं संपलं आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. मग मी तो किती वेळा उलटापालटा करून पाहिला म्हणून सांगू. पोटात दुखतं हे तिने तुझ्यापासून लपवलं, तसं माझ्यापासूनही लपवलं. ती दर रविवारी माझ्यासमोर बसून दोन घास कमी खायची, आणि मी, तिची आई, म्हणायचे की बारीक व्हायचं खूळ घेतलंय. पहिल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. त्यांनाही ते पित्तच वाटलं. ह्यात कुणाचं चुकलं, असं विचारशील, तर कुणाचंच असं नाही की ज्याला धरून जाब विचारावा. तू आधी आणलं असतंस तरी काही वेगळं झालं नसतं, असं मोठ्या डॉक्टरांनी मला नंतर स्पष्ट सांगितलं होतं. मी मुद्दाम जाऊन विचारलं होतं. तुला ते त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. तुझ्याशी बोलायला बसले की रडू येईल, या भीतीने ते राहून गेलं, आणि मग तूच लांब गेलास.

तू बुटकीची किल्ली ह्यांच्या हातात दिलीस तो दिवस मला आठवतो. थोडे दिवस राहू दे इथे, म्हणालास. थोडे दिवस म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. आधी तू दर रविवारी यायचास, मग महिन्यातून एकदा, मग बदली मागून दुसऱ्या गावी गेलास, मग फोन, आणि मग फोनवरही 'सगळं ठीक ना, मावशी' एवढंच. मला राग आला नाही. या घरात शिरलं की काय होतं, ते मला माहीत आहे, मी इथेच राहते. पण ह्यांनी काय केलं ते तुला ठाऊक नाही. दर रविवारी सकाळी ते शेडमध्ये जायचे, बुटकी चालू करायचे, इंजिन गरम होईपर्यंत आत बसायचे, पुढे-मागे हातभर हलवायचे म्हणजे चाकं एका जागी बसायची नाहीत, आणि बंद करून यायचे. ठकूची सीट तिने पुढे ओढून ठेवलेली, बुटकी ती स्वतःच होती ना. ती सीट त्यांनी तशीच ठेवली. तिचं नाव मात्र त्यांनी तीन वर्षांत एकदाही घेतलं नाही. मी घेतलं तर उठून जायचे. आणि घरी आलेल्या माणसाशी, मग तो कुणीही असो, 'या, बसा' पलीकडे बोलणं नाही.

असं सगळं असताना परवा तुझा फोन आला, की नव्या घराला गाडीपुरती जागा मिळाली आहे, गाडी न्यायला ऑफिसमधली एक जण ट्रक घेऊन येईल, मला रजा नाही. रजा नाही हे मी ऐकून घेतलं. काल सकाळी सपाट पाठीचा ट्रक फाटकात उभा राहिला आणि ती उतरली. कपाळावर सरकवलेला चष्मा, कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. मला बघून म्हणाली, "मावशी, मी बुटकीला न्यायला आलेय." ऑफिसमधलं माणूस काकू म्हणतं, बाई म्हणतं, आणि गाडीला गाडी म्हणतं. मी फाटक पूर्ण उघडलं. आत ये म्हटलं.

ट्रकवाला घाईत होता. बुटकी पाहिल्याबरोबर म्हणाला, इतक्या खाली असलेल्या गाडीची जबाबदारी आम्ही घेत नाही, लागलं तर मालकाचं. मला आतल्या आत हसू आलं, पण म्हटलं बघू ही काय करते. ती शांतपणे म्हणाली, "नाही दादा. ट्रकवर चढेपर्यंत जबाबदारी माझी, चढल्यापासून उतरेपर्यंत तुमची. आपण दोघं मिळून सावकाश चढवू. उशीर झाला तर मी तुमच्या मालकांशी बोलते." तो वरमला. ट्रकची पाठ पूर्ण खाली घेतली तरी बुटकीचं तोंड त्या कडेला लागणार हे उघड होतं. ती म्हणाली, फळ्या आहेत का? मी उठायच्या आत हे उठले. शेडच्या मागून दोन लांब फळ्या ओढत आणायला लागले. तुला त्यांची कंबर माहीत आहे. ती धावत गेली, मला वाटलं आता हातातून काढून घेईल आणि ह्यांना ते आवडणार नाही. तिने काढून घेतली नाही. फळीचं दुसरं टोक उचललं आणि ह्यांच्या चालीने चालत आली. दोन्ही फळ्या तशाच आणल्या दोघांनी.

मग ती जमिनीवर पालथी पडली, गाल मातीला लावून. ट्रकवाला दोरखंडाने गाडी वर ओढत होता आणि ती हात दाखवत होती. ठकू बोटं नाचवायची. ही तळहात सरळ धरते आणि थांबायचं झालं की मूठ मिटते. वेगळी आहे ती, ठकूसारखी अजिबात नाही. कमी बोलते, आणि बोलली की समोरचा ऐकतो. एकदा ट्रकवाल्याने पट्ट्यांची थैली बुटकीच्या दारातून आत, ठकूच्या सीटवर भिरकावली. ती गेली, थैली उचलून मागच्या सीटवर ठेवली आणि सीटवरची धूळ हाताने झटकली. सीट मागे सरकवली नाही. त्या सीटबद्दल तिला कुणीतरी सांगितलेलं असणार, आणि सांगणाऱ्याने ते एका दमात सांगितलेलं नसणार. मी तोंड धुवायला आत गेले.

निघताना चहा घेतला तिने, शेडमध्येच, उभ्याने. तेव्हा ह्यांनी तिला विचारलं, "परत कधी येणार?" माझ्या हातातली किटली थांबली. तीन वर्षांत या माणसाने हा प्रश्न कुणाला विचारलेला नाही, तुलाही नाही. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, सांगते, बाबा. आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. तिला सांगता येण्यासारखं नव्हतंच ते, कारण उत्तर तुझ्याकडे आहे. तू का आला नाहीस आणि तिला का पाठवलंस, ते मला फाटकातच कळलं होतं. आम्हाला ती बघू द्यायची होती आणि आमचं तोंड बघायचा तुला धीर नव्हता. अरे वेड्या, रात्री जेवताना हे स्वतःहून म्हणाले, ठकूला ही आवडली असती. नाव घेतलं त्यांनी. मग आम्ही दोघं बराच वेळ तिच्याबद्दल बोलत बसलो, जेवण तसंच राहिलं. तेव्हा हे पत्र गाडीबद्दल नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल. लग्न करा. आमची परवानगी लागत नाही, पण तुला ती हवी आहे हे मला कळतं, म्हणून देते, दोघांच्या वतीने देते. गाडी न्यायला माणूस पाठवलास ते चाललं. ही बातमी द्यायला मात्र माणूस पाठवायचा नाही, स्वतः यायचं. या रविवारी तिला घेऊन ये. हे सकाळपासून विचारताहेत, किती वाजता येतील म्हणून.

तुझीच,
मावशी